पत्ता आहे, सातबारा नाही

मोबाइलच्या पडद्यावर ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द धड उमटतो, ‘ज्ञ’ फुटत नाही, ‘श्व’चे तुकडे होत नाहीत, यामागे बहुतेक वेळा हार्फबझ नावाची लायब्ररी असते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस या सगळ्यांत अक्षरांची जुळणी तीच करते. त्याच मोबाइलमधल्या असंख्य ॲपांची माहिती सांभाळते ती एसक्यूलाइट, डी. रिचर्ड हिप यांनी ती २००० साली सुरू केली. फायली आकसून ठेवणारी झेडलिब १९९५ची, इंटरनेटवरून मजकूर आणणारी कर्ल १९९८ची. यांतले बहुतेक काम सी भाषेत लिहिलेले आहे, आणि जे तसे नाही त्याचाही बाहेरचा दरवाजा सीचाच आहे. अशा जगात एखादी नवी प्रोग्रामिंग भाषा येते तेव्हा तिचा संसार रिकामा असतो. डेटाबेस, फॉन्ट, चित्रे, कूटलेखन हे सारे उसने आणावे लागते. ते कसे आणायचे, या प्रश्नाला गेल्या तीन दशकांत अनेक उत्तरे मिळाली. ती एकत्र ठेवून पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. सीच्या फंक्शनला हाक मारणे हा या कामातला सोपा भाग आहे, आणि तो बऱ्याच अंशी सुटला आहे. त्या फंक्शनसोबत येणारा, पण कंपायलरला वाचता येईल असा कुठेही न लिहिलेला करार हा अवघड भाग आहे. तो करार कोणी लिहायचा, यावर या क्षेत्राचे पुढचे यश अवलंबून आहे.

दरवाजा सीचाच का, हे आधी पाहू. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी घडवली आणि युनिक्स तिच्यात लिहिले गेले. तेव्हापासून ऑपरेटिंग सिस्टिमने बाहेरच्यांशी सीच्या रीतीने बोलायचे, हा प्रघात पडला. पहिली किंमत कोणत्या रजिस्टरमध्ये ठेवायची, उत्तर कुठून उचलायचे, स्ट्रक्चरमधल्या घटकांमध्ये किती जागा सोडायची, हे प्रत्येक प्रोसेसर आणि सिस्टिमच्या जोडीसाठी ठरलेले असते. या ठरावाला एबीआय म्हणतात. सी++मध्ये टेम्प्लेट, एक्सेप्शन, कंपायलरने बदललेली नावे असे बरेच सामान असते. रस्ट या नव्या भाषेने तर आपल्या अंतर्गत एबीआयची हमी जाणीवपूर्वक दिलेली नाही. म्हणून हार्फबझ आतून सी++ असूनही बाहेरून सी दिसते. ग्नोम प्रकल्पाची एसव्हीजी चित्रे रेखाटणारी लायब्ररी २०१६-१७पासून टप्प्याटप्प्याने रस्टमध्ये नेली गेली, तरी जुन्या प्रोग्रामांसाठी तिचा सीचा दरवाजा होता तसाच ठेवला. हा दरवाजा सर्वांना चालतो, कारण तो अरुंद आहे: त्यातून फंक्शनचे नाव, काही आकडे आणि मेमरीतले पत्ते एवढेच आतबाहेर जाते. सीचा प्रसार या अरुंदपणामुळे झाला, आणि पुढे दिसणारी सारी दुखणीही त्यातूनच आली.

सोप्या भागातही खाचखळगे आहेत, पण ते माहीत असलेले आहेत. सीमधला ‘लाँग’ ६४-बिट लिनक्सवर ८ बाइटचा, तर ६४-बिट विंडोजवर ४ बाइटचा असतो. पायथनमध्ये २.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २००६पासून असलेले सीटाइप्स हे मॉड्यूल, वेगळे सांगितले नाही तर, प्रत्येक सी-फंक्शन ‘इंट’ परत करते असे धरून चालते. फंक्शनने ६४-बिट पत्ता परत केला की त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो, आणि तो भाग योगायोगाने शून्य असेल तोवर कुणाच्या लक्षातही येत नाही. कितीही आर्ग्युमेंट घेणारी, प्रिंटएफसारखी फंक्शने हा आणखी एक सापळा. ॲपलच्या एआरएम प्रोसेसरांवर अशा फंक्शनची जादा आर्ग्युमेंटे रजिस्टरऐवजी स्टॅकवर ठेवायची असतात. बाइंडिंग, म्हणजे दोन भाषांमधला पूल, लिहिणाऱ्याने ते फंक्शन साधे म्हणून जाहीर केले, तर इंटेलच्या यंत्रावर सहसा निभावते आणि नव्या मॅकवर कचरा हाती येतो. अशा चुका माणसाने हाताने जाहीरनामे लिहिल्यामुळे होतात, आणि यंत्राकडून लिहून घेतले की त्या बऱ्याच कमी होतात.

या क्षेत्राचा इतिहास हा लेखनाचे हे काम माणसाकडून यंत्राकडे जाण्याचा इतिहास आहे. जावाच्या १९९७मधल्या जेएनआयमध्ये किंवा पायथनच्या मूळ सी-एपीआयमध्ये पुलाचे बांधकाम सीच्या किनाऱ्यावरून होते: नव्या भाषेला समजतील अशी मधली फंक्शने सीमध्येच लिहायची. दुसरी रीत सीटाइप्स, लुआजिट, ज्युलिया यांची. इथे नव्या भाषेतूनच सीच्या फंक्शनचे वर्णन करायचे आणि चालत्या प्रोग्राममध्ये त्याला हाक मारायची. तिसऱ्या रीतीत रस्टचे बाइंडजेन किंवा जावाचे जेएक्स्ट्रॅक्ट यांसारखे अवजार सीच्या फंक्शनांचे वर्णन असलेली हेडर फाइल वाचून जाहीरनामे तयार करते. जेएक्स्ट्रॅक्ट ज्याच्या आधारे काम करते तो जावाचा नवा एपीआय मार्च २०२४मध्ये २२व्या आवृत्तीत पक्का झाला. जेएनआयनंतर तब्बल २७ वर्षांनी. चौथ्या रीतीत स्विफ्ट आणि झिग येतात. त्यांनी क्लँग हा सी-कंपायलरच सोबत बाळगला असल्यामुळे सीचे हेडर जवळजवळ आपल्याच भाषेचे असल्यासारखे आयात होते. तरीही शेवटची काही पावले राहतात, कारण मॅक्रो हे फंक्शनही नव्हे आणि नावाची किंमतही नव्हे. ती कंपायलरच्या आधी होणारी मजकुराची अदलाबदल आहे. पण एकंदरीने पाहता, हेडरमध्ये जे लिहिले आहे ते वाचण्याचा प्रश्न आज फारसा उरलेला नाही.

जे हेडरमध्ये लिहिलेलेच नाही, ते वाचणार कसे? एसक्यूलाइटचेच उदाहरण घेऊ. काय चूक झाली हे सांगणारा संदेश मिळवण्याचे तिथे दोन मार्ग आहेत. एका फंक्शनने परत केलेली स्ट्रिंग एसक्यूलाइटच्या मालकीची असते. ती आपण मोकळी करायची नाही, आणि पुढच्या कॉलनंतर तिच्यावर विसंबायचेही नाही. दुसरे फंक्शन शेवटच्या आर्ग्युमेंटमधून स्ट्रिंग देते. ती आपली होते, आणि एसक्यूलाइटच्याच फ्री-फंक्शनने आपण ती मोकळी करायची असते. कंपायलरला दोन्हीकडे अक्षरांचा पत्ता दिसतो. एकीकडे ‘कॉन्स्ट’ हा शब्द जास्त, आणि त्या शब्दाचा अर्थ मालकी असा नाही. तक्त्यातल्या एखाद्या रकान्यातला मजकूर वाचला तर मिळालेला पत्ता पुढच्या ओळीवर जाईपर्यंतच खरा. तोच मजकूर आधी यूटीएफ-८मध्ये आणि मग यूटीएफ-१६मध्ये मागितला, तर आधीचा पत्ता तिथल्या तिथे बाद होऊ शकतो. हे सर्व एसक्यूलाइटच्या कागदपत्रांत अतिशय काटेकोर लिहिले आहे, पण ते माणसांसाठीच्या इंग्रजी गद्यात आहे. जमिनीच्या व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर पॉइंटर म्हणजे गट नंबर. प्लॉट कुठे आहे ते त्यावरून कळते. मालक कोण, कसणारा कोण, इतर हक्कांत बोजा कुणाचा, हे कळायला सातबारा लागतो. सीच्या हेडरला सातबारा जोडलेला नसतो.

मालकीचे कलम सर्वांत मोठे, पण एकमेव नव्हे. मोजमापाच्या एककाचे कलम असते. हार्फबझला ‘मराठी’ हा शब्द दिला तर प्रत्येक जुळवलेले चिन्ह मूळ मजकुरातल्या कोणत्या जागेचे, हे ती सांगते. पण ती जागा तुम्ही ज्या संकेतात मजकूर दिला त्याच्या एककात मोजलेली असते. पाच कोडपॉइंटचा हा शब्द यूटीएफ-८मध्ये १५ बाइट आहे, यूटीएफ-१६मध्ये ५ एकके. जावा किंवा जावास्क्रिप्टच्या स्ट्रिंगमध्ये यूटीएफ-८चे आकडे वापरले तर कर्सर भलत्याच अक्षरावर जातो. इंग्रजी मजकुरात हे आकडे सारखेच येत असल्याने चूक उघड होत नाही. मराठीत ती पहिल्याच शब्दाला उघड होते. उलट हाकेचे, म्हणजे सीने आपल्या फंक्शनला हाक मारण्याचेही कलम असते. क्रम लावणाऱ्या, सीच्या प्रमाण क्यूसॉर्टला तुलनेचे फंक्शन देता येते, पण त्या फंक्शनसोबत आपली माहिती पाठवायला जागाच नाही. भोवतालची माहिती सोबत घेऊन फिरणारी नव्या भाषांची क्लोजर तिथे बसत नाहीत. ती जागा देणारे सुधारित रूप जीएनू आणि बीएसडी या दोन घराण्यांनी एकाच नावाने, पण आर्ग्युमेंटांच्या वेगळ्या क्रमाने आणले. चुकीच्या निवारणाचेही कलम असते. चित्रे वाचणारी लिबपीएनजी चूक झाली की लाँगजंपने मधली सर्व फंक्शने ओलांडून मागे उडी मारते. त्या मधल्यांत रस्टची फंक्शने असली, तर त्यांनी घेतलेल्या गोष्टी परत करण्याची संधीच त्यांना मिळत नाही.

इथे एक आक्षेप येतो: खरी अडचण कराराची नसून वेगाची आहे, हद्द ओलांडण्याचा दंड मोठा असतो. गो भाषा याचे ठळक उदाहरण. गोमध्ये लाखो गोरूटीन (हलके थ्रेड) एकाच वेळी चालाव्यात म्हणून प्रत्येकीला सुरुवातीला २ किलोबाइटचाच स्टॅक मिळतो, आणि तो गरजेप्रमाणे वाढतो. सीला हे वाढणे ठाऊक नसल्याने सी-कॉलच्या वेळी थ्रेडच्या मोठ्या स्टॅकवर जावे लागते, गोच्या नियोजकाला कळवावे लागते. गोमधला साधा कॉल एक-दोन नॅनोसेकंदांत होतो, तर हा प्रवास दोन आकडी नॅनोसेकंदांचा. दंड खरा आहे, पण तो मोजता येतो आणि टाळताही येतो: हजार लहान कॉलांऐवजी एक मोठा कॉल करावा, ओळी गठ्ठ्याने आणाव्यात. पायथनमधली नमपाय ही लायब्ररी यावरच उभी आहे. संपूर्ण ॲरेचे काम एका हाकेत सीकडे सोपवले की पायथनचा संथपणा नगण्य ठरतो. गोची मोठी अडचण खरे तर पुन्हा करारातच आहे. सीने गोचा पॉइंटर कॉल संपल्यावर स्वतःकडे ठेवू नये, हा नियम गोला २०१६मध्ये, १.६ आवृत्तीत लिहून काढावा लागला, कारण मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरच्या नजरेआड राहिलेला पत्ता हा टाइमबाँब असतो. वेगाची तूट पहिल्या चाचणीत दिसते. कराराचा भंग सहा महिन्यांनी, ग्राहकाच्या यंत्रावर दिसतो.

रस्टची वाट या बाबतीत सर्वांत बोलकी आहे. सीचा कॉल तिथे ‘अनसेफ’ म्हणून खुणावावा लागतो. कंपायलर जणू सांगतो, इथून पुढची जबाबदारी तुमची. चांगले बाइंडिंग त्या कॉलभोवती सुरक्षित आवरण घालते: रकान्यातला मजकूर ओळीपेक्षा जास्त जगणार नाही, हे कलम लाइफटाइमच्या रूपाने टाइपमध्ये उतरते, आणि ते मोडणारा प्रोग्राम कंपाइलच होत नाही. गद्यातला करार यंत्राला तपासता येईल असा झाला. पण त्यासाठी करार नेमका काय, हे कुणाला तरी ठाऊक असावे लागते. लिनक्स कर्नलमध्ये डिसेंबर २०२२च्या ६.१ आवृत्तीपासून रस्टला प्रवेश मिळाला, आणि मे २०२४मध्ये फाइलसिस्टिमच्या बाइंडिंगवरून विकासकांच्या बैठकीत खडाजंगी झाली. वादाचा मुद्दा असा होता की, आयनोड, म्हणजे फाइलची कर्नलमधली नोंद, मिळवणारे एक सी-फंक्शन कधी नवा, अजून न भरलेला आयनोड देते, कधी आधीचा तयार. फरक एका खुणेवरून ओळखायचा. रस्टवाल्यांनी हे दोन वेगळे टाइप केले. सीवाल्यांचा सवाल होता: उद्या आम्ही सीमधला अर्थ बदलला, तर तुमचे टाइप कोण दुरुस्त करणार? सवाल रास्त होता. पण वरवर भाषांचे दिसणारे हे भांडण मुळात, आजवर जाणकारांच्या डोक्यात असलेला करार कागदावर आला की तो पाळण्याचे ओझे कुणावर, याचे होते. फेब्रुवारी २०२५मध्ये अशाच दुसऱ्या वादात लिनक्सचे कर्ते लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी निवाडा दिला की रस्ट नको असणाऱ्यावर ते लादले जाणार नाही, पण आपल्या सी-कोडचा रस्टमधून होणारा वापर त्याला रोखताही येणार नाही. ओझ्याची वाटणी यात झाली. पण बाइंडिंग सीसोबत चालते ठेवण्याचे काम रस्टवाल्यांच्याच पदरी राहिले.

मग हे उसने घेणेच नको, सारे नव्याने लिहू, असा दुसरा आक्षेप निघतो. त्यात तथ्य आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये आणि क्रोमच्या चमूने २०२०मध्ये आपापल्या उत्पादनांबद्दल सांगितले की गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरवापरातून येतात. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतल्या २०१४च्या हार्टब्लीड या दोषाने त्या आकड्यामागचा धोका आधीच दाखवला होता. पण पुनर्लेखनाची किंमत कोडच्या ओळींत मोजता येत नाही. एसक्यूलाइटच्या मूळ कोडच्या सुमारे ५९० पट तिचा चाचणी-कोड आहे, असे तिचे कर्ते सांगतात. ही पुंजी नव्या भाषेत आपोआप येत नाही. शिवाय पुनर्लेखनाने हद्द मिटत नाही. पायथनच्या क्रिप्टोग्राफी या पॅकेजने फेब्रुवारी २०२१मध्ये रस्टचा आधार घेतला तेव्हा ज्या यंत्रांवर रस्टचा कंपायलर नव्हता तिथली बांधणी अडली आणि मोठी ओरड झाली. कर्लने एचटीटीपीसाठी हायपर ही रस्ट-लायब्ररी जोडण्याचा प्रयोग २०२०पासून केला आणि २०२४च्या अखेरीस तो सोडल्याचे जाहीर केले. मागणी कमी, आणि दोन्ही भाषांत मुरलेली, हद्दीवर काम करायला तयार माणसे त्याहून कमी. नव्याने लिहिलेली लायब्ररीही इतरांना वापरू द्यायची तर पुन्हा सीच्याच दरवाजातून द्यावी लागते, आणि करार पुन्हा लिहावा लागतोच.

तिसरा आक्षेप अधिक चतुर आहे: करारावर विश्वासच ठेवू नका, लायब्ररीला कोंडून ठेवा. फायरफॉक्सने २०२०पासून आरएलबॉक्सच्या साहाय्याने हे केले. सीची लायब्ररी वेबअसेम्ब्लीच्या कुंपणात चालते, तिच्याकडून आलेली प्रत्येक किंमत ‘डागाळलेली’ मानली जाते आणि तपासल्याशिवाय वापरता येत नाही. फॉन्ट किंवा चित्रे वाचण्यासारख्या, अनोळखी माहिती हाताळणाऱ्या कामांना हा उपाय उत्तम आहे. पण ‘तपासणे’ म्हणजे काय? आलेला आकडा किती ते किती असावा, कोणता पत्ता कुठवर खरा, हे ठरवायला करारच हाताशी लागतो. कुंपणामुळे करारभंगाचे नुकसान आवरते. करार लिहिण्याचे काम टळत नाही.

करार लायब्ररीच्या बाजूने, यंत्राला वाचता येईल असा लिहिला तर काय घडते, याचे पुरावेही आहेत. ग्नोमच्या जगात प्रत्येक फंक्शनच्या टिपणीत ठरावीक खुणा लिहिण्याची पद्धत आहे: या किमतीची मालकी पूर्ण हस्तांतरित होते, ही नुसती पाहायला दिली आहे, इथे शून्य पत्ता येऊ शकतो. जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शन हे अवजार त्या खुणा वाचून एक वर्णन-फाइल बनवते, आणि त्या एकाच फाइलवरून पायथन, जावास्क्रिप्ट, रस्ट यांची बाइंडिंगे उभी राहतात. ॲपलच्या कोअर फाउंडेशनमध्ये तर नावातच नियम आहे: ‘क्रिएट’ किंवा ‘कॉपी’ असेल तर मालकी तुमची, ‘गेट’ असेल तर नाही. शिस्तीने पाळलेली ही रीत पुढे हेडरमधल्या खुणांतून उतरली, आणि अशा खुणावलेल्या फंक्शनांची मेमरी स्विफ्ट आपोआप सांभाळू शकली. हार्फबझही माहितीचा साठा घेताना विचारते, की प्रत काढू, की तुमचाच साठा वाचू, आणि संपल्यावर कुणाला कळवू. खुणा चुकीच्या असतील तर? असतातही. पण लायब्ररीतली चुकीची खूण एकदा दुरुस्त झाली की सगळ्या भाषांना सुधारणा मिळते. एका बाइंडिंगमधला गैरसमज मात्र दुसऱ्या भाषेत नव्याने जन्मतो. आणि फुकट काम करणाऱ्या लायब्ररी-कर्त्यांनी हा भार का उचलावा, हा प्रश्न उरतोच. त्यावर एवढेच म्हणता येईल की कागदपत्रे ते आजही लिहितात. तोच मजकूर गद्यातून खुणेत आणणे हा नवा भार नव्हे, पण त्यासाठी पैसा आणि माणसे मिळणे गरजेचे आहे, आणि ती नव्या भाषांच्या मागे उभ्या असलेल्या कंपन्यांनी पुरवायला हवीत.

हे अशक्य नाही, हे एसक्यूलाइटने दाखवलेलेच आहे. डेटाबेसचे कनेक्शन बंद करण्याआधी त्याच्यावरची सगळी स्टेटमेंट मिटवायची, असा तिचा जुना नियम. गार्बेज कलेक्टर असलेल्या भाषेत मात्र कोणती वस्तू आधी मरेल याची खात्री नसते. त्यामुळे प्रत्येक भाषेच्या बाइंडिंगने स्वतःची खटपट करून तो क्रम सांभाळायचा, असे चालले होते. सप्टेंबर २०१२मध्ये ३.७.१४ या आवृत्तीत एसक्यूलाइटने बंद करण्याचे दुसरे फंक्शन दिले: तुम्ही कोणत्याही क्रमाने मिटवा, शेवटची वस्तू मिटली की कनेक्शन आपोआप बंद होईल. गार्बेज कलेक्टर असलेल्या भाषांसाठी हे आहे, असे तिच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिले आहे. करारातले सर्वांत अडचणीचे कलम सीच्या बाजूने एकदाच बदलले गेले, आणि ती खटपट करण्याची गरज सगळ्या भाषांपुरती संपली.